एचटीटीपीएसवरून फाइल डाउनलोड होत नाहीये? आधी आलेली फाइल उघडून बघा

‘डाउनलोड होत नाहीये’ या एका वाक्यात निदान पाच-सहा वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. बटण दाबलं तरी काहीच होत नाही. फाइल येते पण उघडत नाही. नव्वद टक्क्यांपर्यंत जाते आणि थांबते. ऑफिसात येते, घरी येत नाही. नाव भलतंच दिसतं. किंवा ब्राउझर इशाऱ्याचं पान दाखवून दारातच अडवतो. पत्ता एचटीटीपीएसचा असला की खापर लगेच ‘एसएसएल’वर, म्हणजे सर्टिफिकेट वापरून जोडणी गुप्त ठेवणाऱ्या व्यवस्थेवर, फुटतं. प्रत्यक्षात इशाऱ्याचं पान सोडलं तर बाकीच्या तक्रारींत सर्टिफिकेटचा दोष क्वचितच निघतो. गडबड असते ती लॉगिनच्या सेशनमध्ये, फाइलसोबत आलेल्या हेडरमध्ये (फाइलची माहिती सांगणाऱ्या ओळींत) किंवा ब्राउझर आणि ॲप यांच्या मधल्या सर्व्हरमध्ये, म्हणजे प्रॉक्सीत.

सपोर्टला किंवा डेव्हलपमेंटला नव्याने लागलेल्यांसाठी हा क्रम आहे. उदाहरणं विंडोज आणि क्रोमची घेतली आहेत.

पहिली पायरी: जे आलंय ते बघा

फाइल ‘करप्ट’ आहे असं कळलं की लोक पुन्हा पुन्हा डाउनलोड करून बघतात. त्याऐवजी तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडा. खरी पीडीएफ असेल तर अगदी सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह, त्याला लागून पीडीएफ ही तीन रोमन अक्षरं आणि पुढे आवृत्तीचा आकडा दिसतो. झिप फाइलची सुरुवात ‘पीके’ या दोन अक्षरांनी होते. ही झिपचा जनक फिल कॅट्झ याची आद्याक्षरं. एक्सेल आणि वर्डच्या आताच्या फाइलींतही हीच अक्षरं सापडतात, कारण त्याही आतून झिपच असतात.

त्याऐवजी कोनी कंस, उद्गारचिन्ह आणि ‘डॉकटाइप एचटीएमएल’ दिसलं, तर हातात अहवाल नाही, एक वेबपान आलंय. थोडं खाली जाऊन ‘टायटल’ टॅग वाचा. तिथे बहुतेक वेळा ‘लॉगिन’ लिहिलेलं असतं. म्हणजे सेशन संपलं होतं. सर्व्हरने ३०२, म्हणजे ‘दुसऱ्या पत्त्यावर जा’ असा कोड, देऊन लॉगिनच्या पानाकडे पाठवलं, ते पान २०० या यशस्वी कोडसह आलं आणि ‘अहवाल.पीडीएफ’ नावाने डिस्कवर जाऊन बसलं. साध्या लिंकवर असं सहसा होत नाही, कारण लॉगिनचं पान ब्राउझर नुसतं उघडून दाखवतो. लिंकवर ‘डाउनलोड’ ॲट्रिब्यूट असेल किंवा जावास्क्रिप्ट आलेलं उत्तर न तपासता ब्लॉब (मेमरीतला कच्च्या डेटाचा गठ्ठा) करून सेव्ह करत असेल, तेव्हा हे घडतं. जावास्क्रिप्टमधला फेच ३०२ निमूटपणे पाळतो आणि शेवटचा कोड तेवढा हातात देतो. त्यामुळे कोडमध्ये फक्त २०० तपासून भागत नाही, कंटेंट-टाइप हा फाइलचा प्रकार सांगणारा हेडरसुद्धा बघावा लागतो.

आकारही बोलतो. नेहमी दोन एमबीची येणारी फाइल चार-पाच केबीची आली तर आत वेबपान किंवा एररचा मजकूर आहे असं धरून चाला. फाइल दीडपटीहून फुगलेली आली तर बायनरी डेटा मजकूर समजून वाचला गेलाय. ॲक्सिऑस या जावास्क्रिप्ट लायब्ररीत ‘रिस्पॉन्सटाइप’ ब्लॉब किंवा ॲरेबफर न देणं हे त्याचं नेहमीचं कारण. पॉवरशेलमध्ये ‘फॉरमॅट-हेक्स’ चालवून बघितलं की ‘ईएफ बीएफ बीडी’ हे तीन बाइट जागोजागी पुन्हा पुन्हा आलेले दिसतात. न कळलेल्या प्रत्येक बाइटच्या जागी हे त्रिकूट बसवलं जातं आणि मूळ बाइट कायमचा जातो. अशी फाइल दुरुस्त होत नाही, कोड सुधारून पुन्हाच आणावी लागते.

तिसरा प्रकार जास्त छळतो. फाइल जवळजवळ बरोबर असते, पण सुरुवातीला एक रिकामी ओळ किंवा न दिसणारे तीन बाइट जास्त असतात. पीएचपीच्या एखाद्या इन्क्लूड फाइलमध्ये सुरुवातीच्या टॅगआधी सुटलेली मोकळी ओळ किंवा एडिटरने घातलेला बीओएम (फाइलचं एन्कोडिंग सांगणारे ते तीन बाइट) हे त्याचं मूळ. पीडीएफ दाखवणारे बरेचसे प्रोग्राम सुरुवातीची एवढी घाण चालवून घेतात, एक्सेल मात्र ‘दुरुस्त करू का’ विचारत बसतं. म्हणून ‘पीडीएफ चालते, एक्सेल चालत नाही’ अशी तक्रार आली की एक्सेल बनवणारी लायब्ररी बदलण्याआधी पहिले दहा बाइट बघा. फाइल पाठवून झाल्यावर स्क्रिप्ट ‘एक्झिट’ न करता पुढे पानाचं फूटर छापत राहिली तर हीच घाण शेवटी चिकटते.

दुसरी पायरी: नेटवर्क टॅब

एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिक करा आणि मगच डाउनलोडचं बटण दाबा. टिक करायची विसरलात तर पान बदलताना आधीच्या नोंदी पुसल्या जातात आणि नेमकी हवी ती ३०२ ची ओळ जाते. नोंदींतला स्टेटस, वेळ आणि आकार हे तीन रकाने महत्त्वाचे.

४०१ आणि ४०३ म्हणजे ओळख किंवा परवानगी. ॲपच्या आत लॉगिन असताना ते आले, तर रिक्वेस्टसोबत कुकी गेली का ते बघा. क्रोमने २०२० मध्ये ‘सेमसाइट’ (दुसऱ्या साइटवरून कुकी जाऊ द्यायची का हे सांगणारी खूण) न लिहिलेल्या कुकी ‘लॅक्स’ धरायला सुरुवात केली. तेव्हापासून दुसऱ्या साइटच्या आयफ्रेममध्ये बसवलेल्या ॲपची कुकी डाउनलोडसोबत जात नाही. तिथे ‘सेमसाइट=नन’ लागतं, त्याला ‘सिक्युअर’ सक्तीचं, आणि तिऱ्हाईत कुकीच बंद केलेल्या ब्राउझरांत तेवढ्यानेही भागत नाही. ५०२ आणि ५०४ प्रॉक्सीकडून येतात. ५०४ कडे पुढे येऊच.

ओळीवर राइट क्लिक करून ‘कॉपी ॲज कर्ल’ घ्या आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये चिकटवा. विंडोज १० च्या २०१८ मधल्या आवृत्तीपासून कर्ल (आज्ञा देऊन पत्त्यावरची फाइल आणणारा प्रोग्राम) आयतंच मिळतं. शेवटी लहान ‘ओ’चा पर्याय लावून फाइलचं नाव द्या, नाहीतर सगळी बायनरी पडद्यावर सांडते. आता निकाल बघा:

कर्लने पूर्ण फाइल आणली, तर सर्टिफिकेट, सर्व्हर आणि प्रॉक्सी ठीक आहेत. ब्राउझरचं एक्स्टेन्शन, अँटिव्हायरस किंवा पानावरची जावास्क्रिप्ट तपासा.

कर्ललाही आली नाही, तर सर्व्हरवर जाऊन तीच रिक्वेस्ट थेट ॲपच्या पोर्टवर, मधली प्रॉक्सी वगळून करा. तिथे आली तर दोष प्रॉक्सीत, नाही आली तर ॲपमध्ये.

या दोन चाचण्यांना दहा मिनिटं लागतात आणि दोन दिवसांची तर्कबाजी वाचते. एक सावधगिरी मात्र हवी. कॉपी केलेल्या त्या आज्ञेत तुमची सेशन कुकी जशीच्या तशी असते. ती ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं म्हणजे लॉगिन वाटणंच.

इशाऱ्याचं पान आलं तर

आधी कॉम्प्युटरची तारीख बघा. मदरबोर्डवरची बॅटरी संपली की घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि प्रत्येक सर्टिफिकेट ‘अजून लागू नाही’ ठरतं. तारीख बरोबर असेल तर सर्टिफिकेटची मुदत बघा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची नेहमीची सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात. इतरांची मुदतही उतरत चालली आहे: ठरलेल्या वेळापत्रकानुसार १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ पासून १००, आणि २०२९ पासून ४७. दरवर्षी हाताने सर्टिफिकेट बदलायची सवय यापुढे चालणार नाही. शिवाय फाइल बदलली पण वेब सर्व्हर रीलोडच केला नाही, हा प्रकार तर नेहमीचाच.

नवख्यांना चकवणारी खरी गोष्ट आहे अपुरी साखळी. सर्व्हरने आपल्या सर्टिफिकेटसोबत मधलं, म्हणजे इंटरमीजिएट सर्टिफिकेटही पाठवायचं असतं. ते राहिलं तर डेस्कटॉपवरचा क्रोम स्वतःच शोधून आणतो आणि सगळं सुरळीत दिसतं. लिनक्सवरचं कर्ल, जावा किंवा पायथनचा प्रोग्राम मात्र ते आणत नाही आणि थेट नकार देतो. ‘ब्राउझरमध्ये फाइल येते, रात्रीच्या जॉबला येत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथे सापडतं. जावाच्या लॉगमध्ये ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ दिसलं की आधी हेच तपासा. उपाय सर्व्हरवर करायचा: ‘फुलचेन’ नावाची फाइल लावा. पडताळणी बंद करणारा पर्याय कोडमध्ये टाकून काम उरकण्याचा मोह होतो, पण तो एकदा गेला की प्रॉडक्शनमध्ये मुक्कामालाच राहतो.

इशारा एखाद्याच ऑफिसात येत असेल तर सर्टिफिकेट कोणी दिलंय ते उघडून वाचा. क्रोममध्ये २०२३ पासून पत्त्याच्या डाव्या टोकाला कुलपाऐवजी सरकपट्ट्यांचं चिन्ह आहे, त्यावर क्लिक केलं की माहिती मिळते. तिथे अँटिव्हायरसचं किंवा कंपनीच्या फायरवॉलचं नाव असेल, तर मधला कोणीतरी जोडणी उघडून तपासतोय. आणि मशीन फार जुनं असेल तर टीएलएस (एसएसएलचा आजचा अवतार) १.२ आहे का ते बघा. १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये औपचारिकपणे मोडीत काढल्या गेल्या.

बटण दाबलं, काहीच झालं नाही

इथे मात्र एचटीटीपीएसचा खरोखर संबंध असू शकतो. सुरक्षित पानावरून असुरक्षित पत्त्यावरची फाइल घ्यायला ब्राउझर नकार देतात. क्रोमने २०२० पासून टप्प्याटप्प्याने ही बंदी आणली, फायरफॉक्सने २०२१ मध्ये आवृत्ती ९३ पासून. कन्सोल टॅबमध्ये ‘मिक्स्ड कंटेंट’ लिहिलेली ओळ दिसली की निदान पक्कं.

‘पण आमच्या कोडमध्ये कुठेच एचटीटीपी लिहिलेलं नाही,’ असं उत्तर ठरलेलं. लिहिलेलं नसतंच, ते तयार होतं. बहुतेक ठिकाणी प्रॉक्सी म्हणून बसवलेला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर किंवा कामाची वाटणी करणारा लोड बॅलन्सर एचटीटीपीएस स्वतःपाशी संपवतो आणि मागच्या ॲपशी साध्या एचटीटीपीने बोलतो. ॲपला वाटतं, ग्राहक एचटीटीपीनेच आलाय. मग ॲप पूर्ण पत्ता बनवताना किंवा रीडायरेक्ट करताना पुढे ‘एचटीटीपी’ लावतं. लिंक वरून सुरक्षित दिसली तरी रीडायरेक्टच्या साखळीतली एक कडी असुरक्षित असली की क्रोम अडवतो. म्हणून लिंकचा पत्ता बघून थांबू नका, नेटवर्क टॅबमधल्या प्रत्येक ३०२ चं ‘लोकेशन’ हेडर वाचा.

दुरुस्ती दोन्हीकडे करावी लागते. प्रॉक्सीने ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडरमध्ये ‘एचटीटीपीएस’ लिहून पाठवायचं, आणि ॲपने त्यावर विश्वास ठेवायचा. जँगोत त्यासाठी ‘सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर’, एक्सप्रेसमध्ये ‘ट्रस्ट प्रॉक्सी’, स्प्रिंग बूटमध्ये ‘फॉरवर्ड-हेडर्स-स्ट्रॅटेजी’ ही सेटिंग आहे. बहुतेक जण पहिलं करतात आणि दुसरं विसरतात. ॲपच्या पोर्टवर बाहेरून कोणी थेट पोचू शकत नाही एवढी खात्री करूनच हा विश्वास चालू करा.

कन्सोल स्वच्छ असेल तर पॉपअप ब्लॉकर बघा. क्लिकनंतर आधी सर्व्हरला काहीतरी विचारून, उत्तर आल्यावर नवी विंडो उघडणारा कोड त्यात हमखास अडकतो. आयफ्रेमला ‘सँडबॉक्स’ लावलेलं असेल तर ‘अलाऊ-डाउनलोड्स’ही द्यावं लागतं. अँड्रॉइडच्या ॲपमध्ये वेबव्ह्यू (ॲपच्या आतला छोटा ब्राउझर) वापरला असेल तर त्याला डाउनलोड आपोआप जमत नाही. डेव्हलपरने डाउनलोड लिसनर लिहावा लागतो, आणि ब्लॉब पत्त्यांसाठी वेगळी सोय करावी लागते. वापरणाऱ्याला तात्पुरता मार्ग एकच: लिंक क्रोममध्ये उघडणं.

अर्ध्यावर थांबतं

डाउनलोड तीनदा करा आणि दरवेळी किती सेकंदांनी आणि किती बाइटवर तुटलं ते कागदावर लिहा. दरवेळी वेळ सारखीच असेल तर कुठेतरी टाइमआउट (वाट बघण्याची ठरलेली मुदत) आहे. दरवेळी आकार सारखाच असेल तर कुठेतरी मर्यादा आहे. दोन्ही वेगवेगळे असतील तर नेटवर्क, वायफाय किंवा मोबाइलची रेंज. या तीन ओळींच्या टिपणाशिवाय सेटिंगला हात लावू नये.

वेळ ६० सेकंदांच्या आसपास असेल तर संशयित तयारच आहे. एनजिनएक्सचा ‘प्रॉक्सी_रीड_टाइमआउट’ न सांगता ६० सेकंदांचा असतो, ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरचा आयडल टाइमआउटही तेवढाच. एनजिनएक्सचे ६० सेकंद पूर्ण डाउनलोडसाठी नसतात, ॲपकडून आलेल्या दोन तुकड्यांमधल्या शांततेसाठी असतात. त्यामुळे वीस मिनिटं चालणारं सलग डाउनलोड सुखरूप पार पडतं, आणि मार्चअखेरचा अहवाल बनवायला ॲपने पहिले ७० सेकंद एकही बाइट न पाठवता घेतले की ५०४ येतो. टाइमआउट ३०० करून भागतं खरं, पण पुढच्या वर्षी डेटा वाढला की पुन्हा तेच. अहवाल मागे बनवून ठेवावा आणि तयार झाल्यावर लिंक द्यावी, हे चांगलं. पीएचपी असेल तर मेमरीची १२८ एमबीची मर्यादाही बघा. पूर्ण फाइल मेमरीत वाचून मग पाठवणारा कोड तिथेच धडकतो.

आकार एक जीबीच्या आसपास असेल तर एनजिनएक्सचं ‘प्रॉक्सी_मॅक्स_टेम्प_फाइल_साइझ’ बघा, ते मूळचं १०२४ एमबी असतं. ॲप भराभर पाठवतं, ग्राहक सावकाश घेतो, मधला साठा एनजिनएक्स तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवतो. ती भरली की तो ग्राहकाच्या वेगानेच वाचू लागतो, आणि ताटकळलेलं ॲप कंटाळून जोडणी सोडतं. वेगवान लाइनवर हे कधीच दिसत नाही, म्हणून टेस्टिंगमध्ये सुटतं. मोठ्या फाइली ॲपमधून ओतण्यापेक्षा ‘एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट’ देऊन एनजिनएक्सलाच वाढू द्याव्यात. चार जीबीला थांबलं तर सर्व्हर सोडा, पेन ड्राइव्ह बघा. फॅट३२ मध्ये त्याहून मोठी फाइल मावत नाही.

सगळं शंभर टक्के येऊनही क्रोम ‘नेटवर्क एरर’ म्हणत असेल तर कंटेंट-लेंग्थ, म्हणजे हेडरमध्ये लिहिलेला आकार, चुकीची आहे. ॲपने मूळ फाइलचा आकार लिहिला आणि नंतर कोणीतरी जीझिप करून ती लहान केली, असं बहुधा झालेलं असतं. झिप, पीडीएफ आणि चित्रांवर जीझिप लावून तसाही काही फायदा नाही.

मराठी नावाची फाइल

‘अहवाल’ या नावात पाच चिन्हं आहेत: अ, ह, व, काना आणि ल. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे १५. हेडरमध्ये पाठवताना प्रत्येक बाइटचं टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत रूपांतर होतं, म्हणजे ४५. कंटेंट-डिस्पोझिशन या फाइलचं नाव सांगणाऱ्या हेडरमधल्या साध्या ‘फाइलनेम’मध्ये देवनागरी थेट कोंबली तर नाव कचऱ्यासारखं दिसतं किंवा सर्व्हरच हेडर नाकारतो. नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) नेमका हाच एरर देतो. योग्य रीत अशी: ‘फाइलनेम’मध्ये अवतरणचिन्हांत रोमन नाव द्यायचं, आणि त्यापुढे तारांकित ‘फाइलनेम’मध्ये यूटीएफ-८ असं सांगून टक्क्याच्या चिन्हांत रूपांतर केलेलं मराठी नाव. अवतरणचिन्हं विसरू नका. ती नसली की नावातल्या पहिल्या मोकळ्या जागेशी नाव तुटू शकतं आणि एक्स्टेन्शन गळून पडतं. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे मराठीत जेमतेम ८५ चिन्हं. कार्यालयीन विषयाची अख्खी ओळ नावात घालणाऱ्या ॲपला ही मर्यादा लवकर गाठते.

सर्व्हर नाव बरोबर पाठवतो, पण जावास्क्रिप्टला ते वाचता येत नाही, असंही होतं. एपीआय (पानाला डेटा पुरवणारा सर्व्हरवरचा भाग) वेगळ्या डोमेनवर असेल तर ‘ॲक्सेस-कंट्रोल-एक्स्पोझ-हेडर्स’मध्ये कंटेंट-डिस्पोझिशनचं नाव घालावं लागतं.

सीएसव्ही उघडल्यावर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि पुढे विचित्र चिन्हं दिसत असतील, तर डाउनलोड नीट झालेलं आहे. एक्सेलने फाइल जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगमध्ये वाचली, एवढंच. इथे मात्र सुरुवातीला बीओएमचे तीन बाइट मुद्दाम घालायचे. पीएचपीत जो बीओएम शत्रू, तो सीएसव्हीत मित्र.

जुन्या कोडमधलं ‘प्रॅग्मा: पब्लिक’

वारशाने आलेल्या ॲपमध्ये डाउनलोडच्या आधी ही ओळ आणि कॅशचे दोन-चार परस्परविरोधी हेडर हमखास सापडतात. इंटरनेट एक्स्प्लोरर ८ पर्यंत एक खोड होती: एचटीटीपीएसवर ‘नो-कॅश’ आलं की फाइल कॅशमध्ये राहायची नाही, आणि ती उघडायला गेलेल्या वर्डला तिथे काहीच सापडायचं नाही. त्यावर तोडगा म्हणून ही ओळ घातली जायची. टॉमकॅट हा जावाचा सर्व्हर सुरक्षित पानांना असे हेडर स्वतःहून लावायचा, त्यामुळे जावावाल्यांना हा त्रास जास्त झाला. आवृत्ती ९ मध्ये खोड गेली, आणि एक्स्प्लोरर ११ ची डेस्कटॉप आवृत्ती जून २०२२ मध्ये निवृत्त झाली. आता पगारपत्रक किंवा वैद्यकीय अहवालासारख्या खासगी फाइलीला ‘नो-स्टोअर’ देणंच बरोबर. ती जुनी ओळ काढून टाका.

सर्व्हरवाल्यांकडे तक्रार पाठवताना

क्लिकची वेळ सेकंदांसह, स्टेटस कोड, किती सेकंदांनी आणि किती बाइटवर तुटलं, कर्लचा निकाल, आणि आलेल्या फाइलचे पहिले दहा बाइट, एवढं लिहा. वेळेसोबत ती भारतीय की यूटीसी हेही लिहा. क्लाउडवरचे बरेच लॉग यूटीसीत असतात, आणि साडेपाच तासांच्या फरकाने समोरचा भलत्याच ओळी चाळत बसतो. पत्ता देताना प्रश्नचिन्हापुढचं टोकन पुसून टाका.